फेडाफेडीचा सरदार : नेकार आणि याक्स्टच्या काठी चार दिवस

मामा उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी माझ्याकडे श्टुटगार्टला आला. पहिल्या पंधरा दिवसांतच त्यानं जाहीर केलं, "आता एकही राजवाडा नको. सोनेरी पलंग पाहून पाहून कंटाळा आला. कुणीतरी हातानं घडवलेलं काहीतरी दाखव." मामानं चौतीस वर्षं पिंपरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. मायक्रोमीटर अजून बॅगेत असतो. त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच एकच वस्तू आली, पाचशे वर्षांपूर्वीचा एक लोखंडी हात. तो उत्तरेला याक्स्टहाउझेन नावाच्या गावात आहे. पण नुसता हात बघून परत यायचं तर तिकिटाचे पैसे अंगावर येतात, म्हणून हाताच्या मालकाचाच माग काढायचं ठरवलं.

मालकाचं नाव ग्योट्स फॉन बेर्लिशिंगेन. जन्म १४८० च्या आसपासचा, मृत्यू १५६२. जात सरदाराची, म्हणजे थेट बादशहाशी बांधलेला छोटा जमीनदार. नाव मोठं, उत्पन्न बेताचं.

दिवस पहिला : हाइलब्रोन

श्टुटगार्टहून रेल्वेनं तासाभराच्या आत हाइलब्रोन. गाव पाहून मामा जरा हिरमुसला. सगळं कसं साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं, चौकोनी. त्याला कारण आहे. ४ डिसेंबर १९४४ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जुनं हाइलब्रोन जळून गेलं. उभं राहिलं ते पुन्हा बांधून काढलेलं. नगरपालिकेच्या इमारतीवरचं १५८० चं खगोलीय घड्याळ मात्र मामानं खाली उभं राहून वीस मिनिटं पाहिलं. "चाकं कुठं दिसतात का?" चाकं दिसली नाहीत.

मी त्याला किलियान चर्चच्या मनोऱ्याखाली नेलं. १५१३ ते १५२९ ही त्याच्या बांधकामाची वर्षं. हान्स श्वाइनर नावाच्या कारागिरानं तो उभारला आणि वर चर्चचीच टर उडवणारी माकडतोंडी भिक्षूंची शिल्पं कोरली. मला हे साल महत्त्वाचं वाटलं, कारण १५१९ ते १५२२ ग्योट्स याच गावात कैदेत होता. मनोरा तेव्हा अर्धवट असणार, भोवती परांच्या बांधलेल्या. साडेतीन वर्षं त्याच्या कानांवर हातोड्यांचा आवाज पडला असेल.

कैद कसली, हेही मजेशीर आहे. नदीकडच्या बाजूला एक चौकोनी बुरूज आहे, नाव ग्योट्सेनटुर्म. पर्यटक त्याचे फोटो काढतात. प्रत्यक्षात त्या बुरुजाशी ग्योट्सचा काही संबंध नाही. जर्मन महाकवी ग्योटेनं १७७३ साली ग्योट्सवर नाटक लिहिलं आणि त्यात त्याला हाइलब्रोनच्या तुरुंगात मारलं. लोकांना मरणाची जागा हवी होती, म्हणून हा बुरूज त्याच्या नावावर चढला. खरा ग्योट्स दुसऱ्या एका बुरुजात, बोलवेर्कटुर्ममध्ये, एकच रात्र होता. बाकीचा काळ एका खाणावळीत, स्वतःच्या खर्चानं. फ्रान्झ फॉन झिकिंगेन आणि गेओर्ग फॉन फ्रुंड्सबेर्ग हे दोन बडे सेनानी मित्र त्याच्या पाठीशी होते, तरी सुटकेला २,००० गुल्डन, म्हणजे सोन्याची नाणी, मोजावे लागले आणि सूड घेणार नाही अशी शपथ घ्यावी लागली.

"आणि गुन्हा काय?" मामानं विचारलं. तेव्हा आम्ही नेकारच्या काठावर बसून पोळीसारखं मऊ ब्रेत्सेल खात होतो. मी सांगायला लागले आणि एक शब्द मध्ये आला, तो पुढचे चार दिवस पुरला.

त्या काळी जर्मन सरदारांना 'फेडे' करायचा हक्क होता. म्हणजे कुणी तुमचा हक्क डावलला, न्याय मिळेना, तर त्याला रीतसर पत्र पाठवायचं. मुदत संपली की त्याची गुरं हाकायची, माल लुटायचा, माणसं पकडून खंडणी मागायची. पत्र पाठवलं असेल तर तो दरोडा नाही. मामा मान हलवत म्हणाला, "फेडे म्हणजे फेडाफेडी. आपलाच शब्द दिसतोय."

गंमत अशी की १४९५ मध्ये वोर्म्सच्या राजसभेत बादशहा माक्सिमिलियाननं हा फेडाफेडीचा हक्क कायमचा बंद केला. त्या सभेला ग्योट्स हजर होता. पंधरा वर्षांचा पोरगा, नात्यातल्या एका काकांचा सेवक म्हणून गेलेला. आपला धंदा बेकायदा ठरताना त्यानं डोळ्यांनी पाहिला आणि पुढं आयुष्यभर तोच धंदा केला.

दुपारी उरलेल्या वेळात लोकलनं वाइन्सबेर्गला जाऊन आलो, थोड्याच वेळाचा प्रवास. टेकडीवरचा भग्न किल्ला बायकांच्या गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. ११४० मध्ये वेढा पडला तेव्हा बायकांना पाठीवर मावेल तेवढंच न्यायची परवानगी मिळाली आणि त्यांनी नवऱ्यांना पाठुंगळी घेतलं. मामाला ती गोष्ट फार आवडली. मला तिथं आठवत होती ती १५२५ ची ईस्टर. १६ एप्रिलला बंडखोर शेतकऱ्यांनी काउंट लुडविग फॉन हेल्फेनश्टाइन आणि त्याच्या माणसांना भाल्यांच्या दोन रांगांतून पळवत मारलं. तो माक्सिमिलियानचा जावई होता, अनौरस मुलीचा नवरा. महिन्याभरानं सरदारांच्या फौजेनं वाइन्सबेर्ग जाळून टाकलं. बंडाचा पुढारी येक्लाइन रोरबाख जिवंत जाळला गेला. ही गोष्ट मी मामाला किल्ला उतरल्यावर सांगितली. वर सांगवेना.

दिवस दुसरा : हॉर्नबेर्ग

सकाळच्या गाडीनं नेकारत्सिमर्न. छोटं स्टेशन, समोर नदी, आणि मागं डोंगराच्या सोंडेवर किल्ला. मामानं खालून अंदाज घेतला आणि म्हणाला, "सज्जनगडापेक्षा कमीच आहे." मग पहिल्याच वळणावर त्यानं पिशवी माझ्याकडे दिली. द्राक्षांच्या मळ्यांमधून वाट जाते. उतार इतका उभा की मळे दगडी बांधांवर पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेत. एका बांधाशी थांबून मामानं दगड हातानं चाचपला. कुठं चुना नाही, नुसते बसवलेले.

१५१७ मध्ये ग्योट्सनं हा हॉर्नबेर्ग विकत घेतला, ६,५०० गुल्डनला. विकत, वारसाहक्कानं नाही. मला हा व्यवहार त्याच्या लढायांपेक्षा बोलका वाटतो. आदल्या वर्षी, १५१६ मध्ये, माइन्त्सच्या आर्चबिशपशी त्याची फेडे चालू होती. त्यात त्यानं वाल्डेकच्या काउंट फिलिपला वाटेत पकडलं आणि आठ हजारांहून जास्त सोन्याच्या नाण्यांवर सोडलं. त्या खंडणीची आणि किल्ल्याच्या किमतीची आपण शेजारी-शेजारी बेरीज-वजाबाकी केली तर फार शोध घ्यावा लागत नाही. मामाला मी हे आकडे सांगितले तेव्हा त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "एक माणूस पकडला आणि फ्लॅट घेतला."

पण जमाखर्चाची दुसरी बाजूही आहे. १५१२ मध्ये फोर्खहाइमजवळ त्यानं लाइप्झिगच्या जत्रेहून परतणाऱ्या न्यूरेम्बर्गच्या व्यापाऱ्यांना लुटलं. बादशहानं त्याला बहिष्कृत केलं. त्यातून सुटायला १५१४ मध्ये १४,००० गुल्डन भरावे लागले. म्हणजे एका दंडात दोन हॉर्नबेर्ग आले असते. आणि सगळ्या फेडे काही मोठ्या कारणांवरून नव्हत्या. श्टुटगार्टचा एक शिंपी कोलोनच्या नेमबाजीच्या स्पर्धेत १०० गुल्डनचं बक्षीस जिंकला आणि कोलोनकरांनी ते दिलं नाही. शिंपी ग्योट्सकडे आला. ग्योट्सनं कोलोनला फेडे पुकारली आणि तिथले दोन व्यापारी पकडून ठेवले. शिंप्याला न्याय, सरदाराला वाटा. आपल्याकडे जसं थकीत उधारी वसूल करून देणारे 'भाऊ' असतात तसंच काहीसं, फक्त अंगावर चिलखत.

वर पोचल्यावर घाम पुसत आम्ही गोल बुरुजावर चढलो. जिना अंधारा, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. वरून नेकारची मोठी वेलांटी दिसते. एक मालवाहू बार्ज अगदी हळू चाललं होतं, इतकं हळू की ते हलतंय हे कळायला काठावरचं झाड धरून बघावं लागलं. किल्ला १६१२ पासून गेमिंगेन घराण्याकडे आहे. वरचा भाग पडका, खाली हॉटेल आणि वाइन. संग्रहालयात ग्योट्सचं चिलखत ठेवलंय. मामाला ते लहान वाटलं.

याच बुरुजावर मला या माणसाची खरी गोष्ट उभी राहिल्यासारखी वाटली. १५२५ मध्ये ओडेनवाल्डच्या शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा त्यांना लढाई कळणारा माणूस हवा होता. त्यांनी ग्योट्सला सेनापती केलं. त्याच्या म्हणण्यानुसार धाक घालून, जबरदस्तीनं. तो सुमारे महिनाभर त्यांच्याबरोबर राहिला, व्युर्त्सबुर्गच्या मारियनबेर्ग किल्ल्याच्या वेढ्यापर्यंत. मुदत संपली म्हणून तो निघाला आणि काही दिवसांतच, २ जूनला, क्योनिग्सहोफेनला शेतकऱ्यांची कत्तल झाली. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. शेतकरी म्हणाले पळाला, सरदार म्हणाले फितूर. १५२६ मध्ये श्पायरला न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं, पण स्वाबियन संघाचे, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या सरदारांच्या आणि शहरांच्या युतीचे, लोक ते मानायला तयार नव्हते. १५२८ मध्ये त्याला आउग्सबुर्गला बोलावून अडकवलं आणि १५३० पर्यंत ठेवलं.

सुटका झाली ती एका शपथेवर : हॉर्नबेर्गच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही, घोड्यावर बसायचं नाही, रात्र किल्ल्याबाहेर काढायची नाही. आयुष्य खोगिरावर काढलेल्या माणसाला पन्नाशीत घोडा बंद! सुमारे दहा वर्षं तो इथं असा राहिला. खाली ही नदी, तिच्यावर व्यापाऱ्यांच्या नावा, आणि वर हा, हात बांधलेला. त्यातला एक हात लोखंडाचा. मी हे मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं मलाही असंच वाटायचं. कारखान्याची बस बघून."

खाली उतरल्यावर हॉटेलच्या अंगणात चीजचे श्पेत्झले घेतले. मामानं पिशवीतला ठेचा काढला आणि वेट्रेसलाही चमचाभर दिला. तिनं डोळे पुसत "झेर गूट" म्हटलं.

दिवस तिसरा : म्योकम्यूल आणि याक्स्टहाउझेन

म्योकम्यूल म्हणजे लाकडी चौकटीची घरं, गावाभोवती जुनी भिंत, नदी आणि बरीच शांतता. व्युर्टेम्बेर्गचा ड्यूक उलरिख याच्या वतीनं ग्योट्स इथला आम्टमान होता. आपल्या भाषेत ठाणेदार म्हणता येईल. ड्यूकच्या वतीनं कर गोळा करायचा, न्यायनिवाडा बघायचा, किल्ला राखायचा. काल लूट करणारा आज कायदा बघणारा, हे त्या काळी विचित्र नव्हतं. १५१९ मध्ये स्वाबियन संघानं उलरिखला हाकललं आणि म्योकम्यूलला वेढा पडला. दाणापाणी आणि दारूगोळा संपला. सुखरूप जाऊ देण्याच्या बोलीवर ग्योट्स बाहेर आला आणि बोली मोडून त्याला पकडलं. तिथूनच तो हाइलब्रोनला गेला, ज्या गावाला त्यानं आधी त्रास दिला होता त्याच गावाच्या ताब्यात. इथल्या किल्ल्यालाही ग्योट्सेनबुर्गच म्हणतात.

पुढं बसनं जायचं होतं. पूर्वी याक्स्टच्या खोऱ्यातून अरुंद रुळांची छोटी रेल्वे धावायची, १९८८ मध्ये ती बंद पडली. आमची बस वेळापत्रकात होती, रस्त्यावर नव्हती. सुट्टीच्या दिवसाची तळटीप मी वाचली नव्हती. सव्वा तास थांबलो. मामानं तेवढ्यात थांब्यावरच्या सगळ्या सायकलींच्या गिअरची तपासणी केली.

याक्स्टहाउझेनला तीन वाडे आहेत आणि तिन्ही बेर्लिशिंगेन घराण्याशी निगडित. जुना तो ग्योट्सेनबुर्ग. १९५० पासून उन्हाळ्यात किल्ल्याच्या अंगणात नाट्यमहोत्सव होतो आणि ग्योटेचं नाटक हा तिथला जुना पाहुणा. जर्मनीचे माजी राष्ट्राध्यक्ष रोमान हेर्त्सोग यांनी याच घराण्यातल्या बाईंशी दुसरं लग्न केलं आणि शेवटची वर्षं इथंच राहिले.

आता हात.

१५०४. लांड्सहूटच्या गादीवरून बायर्नमध्ये युद्ध चाललं होतं. ग्योट्स तेव्हा चोवीस वर्षांचा. त्यानंच नंतर सांगितल्याप्रमाणे न्यूरेम्बर्गकरांच्या तोफा शत्रू-मित्र न बघता डागल्या जात होत्या. एका गोळ्यानं त्याच्या तलवारीची मूठ फोडली आणि मुठीचं लोखंड त्याच्याच उजव्या हातात घुसलं. हात कातड्यावर लोंबत राहिला. अंथरुणावर पडून असताना वडिलांकडून ऐकलेला एक एकहाती शिपाई त्याला आठवला, जो लढाईत कुणाला कमी नव्हता. तो करू शकला तर मीही, असं म्हणून त्यानं देवाला विनवलं. मग लोखंडी हात केला.

हात दोन आहेत, एक साधा, एक गुंतागुंतीचा. मामानं चष्मा कपाळावर ढकलला आणि काचेला नाक लावलं. मी दोन पावलं मागं थांबले. बराच वेळ तो बोललाच नाही.

"हे बघ," शेवटी तो म्हणाला, "बोटाच्या प्रत्येक पेराला वेगळा सांधा. अंगठासुद्धा. आत प्रत्येक सांध्याला दातेरी चाक असणार. डाव्या हातानं किंवा टेबलावर दाबून बोट मिटवायचं, टक् टक् टक्. प्रत्येक दात्याला पॉल, म्हणजे छोटी खिट्टी, अडकतो. अडकला की उलटं फिरत नाही. आणि सोडायला..." त्यानं काचेवर बोट ठेवलं, "...हा इथला खटका. दाबला की स्प्रिंग सगळी बोटं एकदम उघडते. हा रॅचेट आहे, बाकी काही नाही. आपल्या पान्यात असतो तोच."

"दीडेक किलोचा आहे," मी म्हणाले.

"मग चांगला आहे. स्प्रिंग कशी केली असेल? पोलाद कुठलं? पाणी कसं दिलं असेल?"

याची उत्तरं माझ्याकडे नव्हती. ऑफेनबुर्गच्या तंत्रशिक्षण संस्थेत या हाताची थ्रीडी प्रिंटरवर प्रतिकृती केली आहे, एवढं मी सांगितलं. मामानं ते फारसं मनावर घेतलं नाही. त्यानं तिकिटाच्या मागं पेन्सिलनं हाताचा छेद काढायला सुरुवात केली. तेव्हा माझं लक्ष त्याच्या उजव्या तर्जनीकडे गेलं. पहिलं पेर नाही. लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून दिसायचंच बंद झालं होतं. ऐंशीच्या दशकात प्रेसवर गेलं. भरपाई किती मिळाली, हे आईनं एकदा सांगितलं होतं आणि आजोबा ते ऐकून उठून बाहेर गेले होते. मामा पेन्सिल अंगठा आणि मधल्या बोटात धरतो.

संध्याकाळी अंगणात बसलो. ग्योट्सच्या नावावर जर्मन भाषेतली सगळ्यात प्रसिद्ध शिवी आहे. लोक तिला सभ्यपणे 'स्वाबियन नमस्कार' म्हणतात. माइन्त्सशी फेडे चालू असताना वर नदीकाठच्या क्राउटहाइमच्या ठाणेदाराला त्यानं ती खालून ओरडून ऐकवली. शब्द असे की त्यानं माझी मागची बाजू चाटावी. ग्योटेनं नाटकात ती घेतली आणि अमर केली. मी मराठीत करून सांगितल्यावर मामा हसून हसून खोकायला लागला. "हे तर आपल्याकडे कुठलाही फिटर दिवसातून चारदा..."

दिवस चौथा : बेर्लिशिंगेन आणि श्योनटाल

सकाळी घराण्याला नाव देणाऱ्या बेर्लिशिंगेन गावातून गेलो. थांबण्यासारखं फार नव्हतं, एका बेकरीत कॉफी घेतली आणि निघालो.

श्योनटाल मात्र डोळे दिपवतं. याक्स्टच्या वळणावर सिस्टर्शियन मठ, दोन मनोऱ्यांचं बरोक चर्च, शेतांच्या मधोमध एवढं मोठं की कुणीतरी चुकून इथं सोडून गेलंय असं वाटावं. मठ बाराव्या शतकातला, चर्च नंतरचं. १८०२ मध्ये भिक्षू गेले, पुढं इथं बिशपच्या प्रांताचं शिबिरकेंद्र आलं. आम्ही थेट जुन्या ओवऱ्यांकडे वळलो. तिथं बेर्लिशिंगेन घराण्यातल्या पिढ्यांच्या शिळा आहेत. त्यात ग्योट्सचीही, गुडघे टेकलेला.

१५४० च्या सुमारास बादशहा कार्ल पाचव्यानं त्याला शपथेतून मोकळं केलं, कारण त्याला माणसं हवी होती. साठीच्या घरातला हा म्हातारा १५४२ मध्ये तुर्कांविरुद्ध हंगेरीच्या मोहिमेत आणि १५४४ मध्ये फ्रान्सच्या स्वारीत घोड्यावर होता. मग हॉर्नबेर्गला परत. शेवटी दृष्टी जवळजवळ गेली तेव्हा त्यानं आपली कहाणी लिहून घ्यायला लावली. जवळपास प्रत्येक पानावर त्याचं एकच म्हणणं, मी चुकलो नाही, मला भाग पाडलं. ती छापली गेली १७३१ मध्ये. आणि कुठं, तर न्यूरेम्बर्गला! ज्यांच्या तोफेनं हात गेला, ज्यांचे व्यापारी लुटले, त्यांच्याच छापखान्यात.

मृत्यू २३ जुलै १५६२. लूथरच्या बाजूचा असूनही घराण्याच्या हक्कानं तो या कॅथलिक मठात आला. आणि १५२५ च्या एप्रिलच्या सुरुवातीला ओडेनवाल्डचे शेतकरी जमले, ते इथंच. सर्वात आधी त्यांनी हाच मठ लुटला. महिन्याभरानं ज्यांचा तो सेनापती झाला, तेच हे लोक.

मामा शिळेसमोर वाकून बघत राहिला. दगडी चिलखताच्या सांध्यांवरून त्याची नजर फिरत होती, पण हाताबद्दल तो काही बोलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "ज्या लोहारानं हात केला त्याचं नाव कुठं आहे?" मी म्हटलं, मला कुठं दिसलं नाही. "नसणारच," म्हणाला, आणि पाण्याची बाटली मागितली.

परतीच्या गाडीत तो तिकीट मांडीवर ठेवून बसला होता. लाउफेन गेल्यावर एकदम म्हणाला, "अगं, पॉल उलटा काढलाय मी. असा अडकला तर बोट मिटणारच नाही." मग माझ्या पर्समध्ये खोडरबर शोधू लागला.